सर्व्हर एन्क्रिप्ट केला, आता निर्धास्त झोपायचं का?

खतावणी
सोमवार, सकाळी १०:०५

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

आमची हिशेबतपासणीची लहानशी फर्म आहे, चौदा माणसांची. एक विंडोज सर्व्हर. त्यावर ग्राहकांच्या फायली, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटाबेस. माझं शिक्षण आकड्यांचं, संगणकाचं नाही. पण एकदा अडलेला प्रिंटर चालू करून दाखवला आणि तेव्हापासून सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे.

परवा एका ग्राहकाने लेखी विचारलं, "आमची माहिती तुमच्याकडे एन्क्रिप्ट केलेली असते का?" सरांनी फर्मावलं, करून टाक आणि हो म्हणून कळव. मी बिटलॉकर चालू केलं, म्हणजे डिस्कवरची माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करणारी विंडोजची सोय. दुपारपर्यंत काम झालं आणि ऑफिसात कुणाला पत्ताही लागला नाही. सगळे पूर्वीसारखेच फायली उघडतायत. तेव्हापासून एक किडा डोक्यात वळवळतोय: आम्हाला जर काहीच वेगळं करावं लागलं नाही, तर चोराला तरी का लागावं?

बाकी व्यवस्था अशी आहे. अँटिव्हायरस सगळ्या मशीनवर आहे. दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती आहे. दोघं सहकारी घरून रिमोट डेस्कटॉपने थेट सर्व्हरवर येतात. रोज रात्री बॅकअप होतो, सर्व्हरला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर. यात काय राहिलंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_कंदील
सोमवार, सकाळी १०:३१

रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर थेट उघडा आहे? राउटरवरून ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं दार) सर्व्हरकडे वळवलाय? तसं असेल तर आधी तो बंद करा, उरलेला धागा नंतर वाचा.

खतावणी
सोमवार, सकाळी १०:४४

वळवलाय, पण ३३८९ नाही. ज्यांनी बसवून दिलं त्यांनी सुरक्षेसाठी वेगळाच आकडा ठेवला होता. दोघंही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर याच नावाने येतात, पासवर्ड फक्त त्या दोघांना आणि मला माहीत आहे.

जुना_कंदील
सोमवार, सकाळी १०:५२

दार मागच्या बाजूला नेलं म्हणून त्याला कुलूप लागत नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप नावाचा प्रोग्राम बाहेर आणला. एका साध्या मशीनवरून, गिगाबिट जोडणीवर, एखादा पोर्ट जगातल्या सगळ्या आयपीव्ही४ (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांवर तपासायला त्याला ४५ मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तुमचा वेगळा आकडा शोधणं हे असल्या प्रोग्रामचं रोजचंच काम. आणि तिघांत एक खातं? उद्या लॉगमध्ये दिसलं की रात्री अडीचला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आला होता, तर विचारणार कुणाला?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय. डिस्क कुणी उचलून नेईल म्हणून ती एन्क्रिप्ट केलीत, आणि आत यायची वाट मोकळी.

शून्य_एक
सोमवार, सकाळी ११:४०

कंदीलराव, पहिलाच धागा आहे त्यांचा, जरा दमानं.

खतावणीताई, तुमचा किडा अगदी योग्य जागी वळवळतोय. बिटलॉकर काय किंवा लिनक्सवरचं लक्स काय, डिस्कचं एन्क्रिप्शन हे बंद मशीनसाठी असतं. सर्व्हर चोरीला गेला, डिस्क काढून दुसरीकडे जोडली, बिघडलेली डिस्क दुरुस्तीला किंवा भंगारात गेली, तर तिच्यावरून एक अक्षर मिळत नाही. पण मशीन चालू झालं की किल्ली मेमरीत येते. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम ज्याला ओळखते त्याला डिस्क उघडीच दिसते. सरांना दिसते, तुम्हाला दिसते, आणि तुमचा पासवर्ड चोरून आलेल्यालाही दिसते. त्याला तुमच्यापेक्षा जास्त काहीच करावं लागत नाही.

एन्क्रिप्शनचं गणित कच्चं आहे असा याचा अर्थ नाही. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत २००१ पासून मानक आहे आणि ते फोडत बसायच्या फंदात कुणी पडत नाही. किल्ली मिळवणं कितीतरी सोपं असतं. गुप्तलेखनाचा अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. म्हणजे सगळा भार किल्लीवर. २०१४ चा हार्टब्लीड आठवा: ओपनएसएसएल या संकेतस्थळांच्या जोडण्या एन्क्रिप्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे कुणीही सर्व्हरच्या मेमरीचे ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे परत परत मागून घेऊ शकत होता, आणि त्या तुकड्यांत सर्व्हरची खाजगी किल्लीच सापडू शकत होती. गणिताला धक्काही लागला नव्हता.

दुसरं, वाटेवरचा डेटा. ऑफिसातल्या मशीनवरून सर्व्हरवरची फाइल उघडली की ती तारेतून किंवा वायफायवरून येते. बिटलॉकरचा तिथे काही संबंध नाही. फाइल शेअरवर एसएमबी ३ चं (एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फायली देण्याची पद्धत) एन्क्रिप्शन चालू करता येतं, एका खुणेचं काम आहे. एसएमबी १ कुठे चालू असेल तर बंद करा. डेटाबेसकडे जाणारी जोडणी टीएलएसमधून (म्हणजे वाटेवरच्या एन्क्रिप्शनमधून) जाते का ते सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, आणि कुठलं टीएलएस तेही विचारा, कारण १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या.

आता माझा प्रश्न. बिटलॉकरने ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे अडीअडचणीला डिस्क उघडायची किल्ली, दिली असेल. ती कुठे ठेवलीत?

खतावणी
सोमवार, दुपारी १२:१५

बाहेरच्या डिस्कवर. जिथे बॅकअप होतो तिथेच.

शून्य_एक
सोमवार, दुपारी १२:१८

आणि ती बाहेरची डिस्क एन्क्रिप्ट केली आहे?

खतावणी
सोमवार, दुपारी १२:२०

अरे देवा.

टिचभर
सोमवार, दुपारी १२:२६

तिजोरीला नवं कोरं कुलूप. दागिन्यांचा दुसरा जोड शेजारच्या स्टुलावर. त्याच्यावर किल्ली.

(हसतोय खरा, पण आत्ताच उठून आमची डिस्क बघून आलो. तीही तशीच आहे.)

रात्रपाळी
सोमवार, दुपारी १:०२

रिकव्हरी की छापा. कागदावर. दोन प्रती, दोन वेगवेगळ्या कपाटांत, त्यातलं एक ऑफिसबाहेरचं.

सांगायचं कारण, १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवत बंद पडली. इलाज होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची, पाच मिनिटांचं काम. पण मशीनवर बिटलॉकर असेल तर आधी ती ४८ आकडी की हवी, आणि काही ठिकाणी सगळ्या की ज्या सर्व्हरवर साठवल्या होत्या तो सर्व्हरच निळा होऊन बसला होता. हल्ला वगैरे काही नव्हता बरं का. संरक्षण करणारं सॉफ्टवेअरच पडलं आणि संरक्षणासाठी केलेलं एन्क्रिप्शन वाटेत आडवं आलं.

सावली
सोमवार, रात्री ९:४७

दिवसभर धागा वाचत होते, आता सवडीने लिहिते. माझं काम असं की हल्ला होऊन गेल्यावर आम्हाला बोलावतात. वरातीमागून घोडं म्हणा.

एक प्रकरण सांगते, नाव-गाव सोडून. खतावणींच्या फर्मच्या पाचपट मोठी कंपनी. डिस्क एन्क्रिप्टेड, अँटिव्हायरस उत्तम, बॅकअप रोज. नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचं व्हीपीएनचं (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेचं) खातं बंद करायचं राहिलं होतं. त्याने तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्यातरी संकेतस्थळावर वापरला होता आणि तिथून तो फुटला होता. त्या खात्याने कुणीतरी आत आलं आणि अकरा दिवस नुसतं हिंडत राहिलं. काही मोडलं नाही, काही हललं नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सर्व्हिस (मागे सतत चालणारा भाग) डोमेन अ‍ॅडमिनच्या, म्हणजे सगळ्या नेटवर्कवर पूर्ण हक्क असलेल्या, खात्यावर चालत होती, कारण बसवणाऱ्याने "परवानग्यांची कटकट नको" म्हणून तशी लावून दिली होती. त्या खात्याचा पासवर्ड सर्व्हरच्या मेमरीतून उचलला गेला. मग ग्राहकांच्या फायलींची प्रत बाहेर गेली. मग बॅकअप पुसला. मग अँटिव्हायरस रीतसर, त्याच्याच नियंत्रण पॅनेलमधून, अ‍ॅडमिन म्हणून बंद केला. सगळ्यात शेवटी, शुक्रवारी रात्री, फायली एन्क्रिप्ट केल्या.

लोकांना रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणं) म्हणजे ती शेवटची रात्रच वाटते. त्या रात्री करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. वाचायची संधी अकरा दिवस होती.

आणि त्यांचं एन्क्रिप्शन तुमच्यासारखंच पक्कं असतं. फायली एईएससारख्या झपाट्याच्या पद्धतीने, आणि त्या किल्ल्या वर आरएसएसारख्या सार्वजनिक किल्लीने बंद. ते उघडणारी खाजगी किल्ली त्यांच्याकडे. तुमच्या एन्क्रिप्टेड डिस्कवर त्यांचं एन्क्रिप्शन चढतं, एवढंच.

अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीचं मे २०२१ मध्ये हेच झालं. वापरात नसलेलं व्हीपीएन खातं, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय ओळखीचा दुसरा पुरावा) नाही, पासवर्ड आधीच फुटलेल्या यादीतला. त्यांनी ७५ बिटकॉइन मोजले, तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर. बदल्यात मिळालेला प्रोग्राम इतका मंद होता की सिस्टीम उभ्या करायला स्वतःचे बॅकअपच वापरावे लागले.

म्हणून खतावणीताई, माझा क्रम असा: थेट रिमोट डेस्कटॉप आजच बंद, घरून यायचं तर टू-फॅक्टर असलेल्या व्हीपीएनमधून. प्रत्येकाचं स्वतःचं खातं. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं आणि त्याने रोजचं काम करायचं नाही. एक डिस्क कायम सुटी, कपाटात. सॉफ्टवेअरची सर्व्हिस कुठल्या खात्यावर चालते ते बघा, मला भीती आहे.

खतावणी
सोमवार, रात्री १०:३०

पोर्ट दुपारीच बंद केला. दोघं सहकारी माझ्याशी बोलत नाहीयेत.

सर्व्हिस बघितली. भीती खरी आहे.

टिचभर
मंगळवार, सकाळी ९:१०

एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही. ३० दिवसांची पासवर्ड बदलायची सक्ती. ती तरी चांगली आहे ना?

रात्रपाळी
मंगळवार, सकाळी ९:३३

नाही! माझा आवडता विषय. लोक काय करतात माहितीये? पासवर्डच्या शेवटी महिन्याचा आकडा लावतात. जुना पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला नवा ओळखायला कितीसा वेळ लागणार? अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१७ च्या मार्गदर्शिकेतच सांगून टाकलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावा. २००३ सालची जुनी मार्गदर्शिका लिहिणाऱ्या बिल बर यांनी त्याच वर्षी वृत्तपत्राकडे कबूल केलं की आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. लांब पासवर्ड ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा.

जुना_कंदील
मंगळवार, सकाळी १०:०५

असहमत. सावली म्हणतात ते प्रकरण घ्या. सोडून गेलेल्याचं खातं मुदत संपून आपोआप मेलं असतं तर? तुमची ती मार्गदर्शिका ज्यांच्याकडे खात्यांवर नजर ठेवायला माणूस आहे त्यांच्यासाठी. चौदा जणांच्या ऑफिसात माणूस गेला की त्याचं खातं बंद करायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

रात्रपाळी
मंगळवार, सकाळी १०:२०

त्यावर उतारा म्हणजे खातं बंद करणं. चौदा माणसांना बारा वेळा छळणं नव्हे. ४५ दिवस लॉगिन नाही तर खातं आपोआप बंद, अशी स्क्रिप्ट दहा ओळींची आहे.

जुना_कंदील
मंगळवार, सकाळी १०:२४

ती स्क्रिप्ट चालते की नाही ते कोण बघणार? असो. टू-फॅक्टर असेल तर माझा आग्रह नाही.

शून्य_एक
मंगळवार, सकाळी ११:१५

टू-फॅक्टरमध्येही डावं-उजवं आहे. एसएमएसने येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सिम दुसऱ्याच्या नावावर वळवता येतं. अ‍ॅपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड त्याहून चांगला, तरी खोट्या लॉगिन पानावर माणूस तो स्वतःच्या हाताने टाइप करतो. "मंजूर करा" असं विचारणारं नोटिफिकेशन असेल तर रात्री एकामागून एक इतकी पाठवतात की वैतागून माणूस मंजूर म्हणतो. २०२२ मध्ये उबरमध्ये असंच झालं.

त्याच वर्षी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीत फसवणुकीचे मेसेज आले आणि तीन कर्मचारी फसलेही, पासवर्ड देऊन बसले. तरी कुणी आत येऊ शकलं नाही, कारण प्रत्येकाकडे फिडो२ ची हार्डवेअर की (लॉगिनसाठी जवळ बाळगायचं छोटं उपकरण) होती. ती खऱ्या पत्त्याशीच बोलते, खोटं पान कितीही हुबेहूब असलं तरी उत्तरच देत नाही. माणूस फसला तरी की फसत नाही. निदान अ‍ॅडमिन खात्यांसाठी घ्याच, आणि प्रत्येकी दोन, कारण एक हरवणारच.

अवांतर: ३० सेकंदांचा कोड घड्याळावर चालतो. आमच्या एका सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं आणि सगळं ऑफिस बाहेर अडकलं होतं. सकाळभर आम्ही हल्ला झालाय समजून धावत होतो.

टिचभर
मंगळवार, दुपारी १२:४०

आता अँटिव्हायरसवर कुणीतरी बोला. सावलींच्या गोष्टीत त्याने निमूटपणे स्वतःला बंद करून घेतलं. मग तो ठेवायचाच कशाला?

सावली
मंगळवार, रात्री ८:५५

ठेवायचा. ओळखीचे चोर तो पकडतो आणि चोर बहुतेक वेळा ओळखीचेच असतात. फक्त त्याची टॅम्पर प्रोटेक्शन (परस्पर बंद करू न देणारी) सुविधा चालू ठेवा आणि नियंत्रणाचं खातं डोमेनपासून वेगळं. तो जागा आहे का हे बघायचं असेल तर आयकारची चाचणी फाइल आहे, ६८ अक्षरांची, निरुपद्रवी. सर्व्हरवर टाका आणि इशारा कुणाच्या इनबॉक्समध्ये जातो ते बघा. मी अनेक ठिकाणी टाकून पाहिली आहे. अँटिव्हायरस ओरडतो, आणि मेल जातो तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाला.

पण खरा बचाव अँटिव्हायरसच्या आधी होतो. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने वापरलेल्या चुकीचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता, हल्ला झाला १२ मे ला. एकोणसाठ दिवस मिळाले होते. (एसएमबी १ बंद करा असं शून्य_एक वर म्हणाले, ते यासाठीच.) आणि ठरलेलेच प्रोग्राम चालू द्यायचे, बाकी सगळ्यांना मज्जाव, हे सर्व्हरवर सहज जमतं. सर्व्हरवर कुणी रोज नवं काही बसवत नाही.

आता त्याच्या उलट बाजू, खास हिशेबवाल्यांसाठी. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम. तो घुसला युक्रेनमधल्या एमईडॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. कुंपणानेच शेत खाल्लं. ज्यांनी शहाण्यासारखं वेळेवर अपडेट केलं तेच आधी गेले. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) पुसले गेले, एक सोडून. तो घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्या एकावरून पुढे सगळं उभं केलं, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक.

कपाटातली सुटी डिस्क म्हणजे वीज गेलेलं घाना. फक्त नशिबावर न सोडलेलं.

टिचभर
मंगळवार, रात्री ९:०३

वाचनखूण साठवली.

खतावणी
पुढच्या आठवड्यात, बुधवार, सायंकाळी ६:२०

अहवाल देते.

आठ खाती बंद केली, त्यातल्या तिघांना मी कधी पाहिलेलंही नाही. व्हीपीएन आणि टू-फॅक्टर सुरू झालं. सहकारी पुन्हा बोलायला लागलेत. सॉफ्टवेअरवाल्यांनी सर्व्हिसचं खातं बदलायला आधी साफ नकार दिला. मी म्हटलं, नकार लेखी द्या, ग्राहकाला पाठवायचाय. दुसऱ्या दिवशी बदलून मिळालं. दोन डिस्क घेतल्या, दोन्ही एन्क्रिप्टेड, एक जोडलेली, एक कपाटात, दर सोमवारी अदलाबदल.

आणि कंदीलरावांनी खासगी निरोपात विचारलं होतं, बॅकअप घेता ते कळलं, परत कधी आणून पाहिलात? म्हणून काल एका जुन्या मशीनवर आणून पाहिला. फायली सगळ्या आल्या. डेटाबेस आला नाही. लॉग उघडला तर गेले सात महिने रोज रात्री तीच एक ओळ: फाइल वापरात असल्याने वगळली. आणि खाली: बॅकअप यशस्वी.

सात महिने. मी रोज सकाळी ती हिरवी खूण बघून कामाला लागत होते.

रात्रपाळी
बुधवार, सायंकाळी ६:४५

मनाला लावून घेऊ नका. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी सेवा) चुकून चालू वापरातला डेटाबेस पुसला गेला. डेटाबेसच्या बॅकअपची आज्ञा चुकीच्या आवृत्तीमुळे रोज फसत होती, आणि फसल्याचे मेल पोहोचतच नव्हते. वाचले ते कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका प्रतीमुळे. त्यांच्याकडे तर दिवसरात्र हेच काम करणारी माणसं होती.

उपाय: चालू डेटाबेसची फाइल उचलायची नसते. आधी डेटाबेसच्याच आज्ञेने त्याचा डंप किंवा बॅकअप फाइल काढा, मग ती फाइल डिस्कवर. विंडोजची शॅडो कॉपी (वापरातल्या फाइलचीही प्रत घेणारी सोय) हीही चालते, पण डेटाबेस तिला साथ देतो का ते तपासून. आणि लॉगमध्ये "वगळली" हा शब्द दिसला की तुम्हाला मेल यावा एवढी सोय करा. मेल येतो का तेही एकदा मुद्दाम चूक करून बघा.

सावली
बुधवार, रात्री १०:१०

ग्राहकाला उत्तर पाठवलंत?

खतावणी
गुरुवार, सकाळी ११:३०

पाठवलं. सरांशी थोडी झकाझकी झाली, त्यांना एका शब्दाचं "हो" हवं होतं. शेवटी असं लिहिलं: डिस्क आणि बॅकअप दोन्ही एन्क्रिप्टेड आहेत, ते चोरी झाली तर उपयोगी. सर्व्हरवर कोण येऊ शकतं त्यांची संख्या नऊ, सगळे टू-फॅक्टरने, कोण कधी आलं त्याची नोंद राहते. बॅकअप परत आणून बघण्याची तारीख दर तिमाहीला, पुढची तारीख कळवू. ग्राहकाचं उलट उत्तर आलं, की हेच आम्हालाही आमच्याकडे करायचंय, तुमच्याकडे कोण आहे?

दुसरी चाचणी आज सकाळी घेतली. डेटाबेस उघडला, ताळेबंद जुळला. एक तास पन्नास मिनिटं लागली.

जुना_कंदील
गुरुवार, सकाळी ११:४१

छान. आता नेटवर्कवर आणखी काय काय आहे? कॅमेरे, राउटर, प्रिंटर. त्यांचे पासवर्ड?

खतावणी
गुरुवार, सकाळी ११:५८

प्रिंटरला पासवर्ड असतो?